बदललेले मुखपृष्ठ आणि संग्रहाचा इतिहास

मुखपृष्ठ हे संहितेचे केवळ बाह्यांग होय, ही समजूत समीक्षेत दीर्घकाळ टिकून राहिली. जेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकाने 1987 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिला छेद दिला. शीर्षक, मुखपृष्ठ, प्रस्तावना, अर्पणपत्रिका यांची मिळून एक ‘परिसंहिता’ असते व तिच्या उंबरठ्यावरूनच वाचक संहितेत शिरतो, असे त्याचे प्रतिपादन होते. परंतु तो उंबरठाच पुढे कोणी बदलला तर काय होते? व्हिडिओ गेमच्या संग्रहांत रूढ झालेल्या पर्यायी मुखपृष्ठांमुळे हा प्रश्न नव्याने उपस्थित होतो. मूळ खोका हरवला किंवा फाटला, की संग्राहक त्याच्या चित्राची प्रत छापून ती नव्या डबीवर चढवतो. कधी सारा संग्रह एकसारखा दिसावा म्हणून सुस्थितीतील मुखपृष्ठेही बदलतो.

असा बदल मराठी ग्रंथव्यवहाराला अपरिचित नाही. पोथी बासनात बांधली जाई. बासन विरले की दुसरे येई. पण त्यामुळे पोथीची ओळख बदलत नसे, कारण आतल्या मजकुराविषयी बासन काही सांगतच नसे. छापील ग्रंथाचे मुखपृष्ठ मात्र बोलू लागले, आणि दीनानाथ दलाल (1916-1971) यांच्यासारख्या चित्रकारांच्या काळात ते पुरते बोलके झाले. पुस्तके टिकावीत म्हणून ग्रंथालयांनी अशी कितीतरी मुखपृष्ठे काढून तेथे पुठ्ठ्याची व कापडाची बांधणी केली. त्यात पुस्तक वाचले, पण ते कोणत्या वाचकाला कोणते आश्वासन देऊन विकले गेले याचा पुरावा गेला. तरीही त्या पुठ्ठ्यात लपवाछपवी नव्हती. तो मूळचा नव्हे, हे पाहताक्षणीच कळत असे.

संग्राहकाने छापलेल्या प्रतीचा हेतू नेमका उलट असतो. ती मूळ वाटावी अशीच तिची घडण असते. पण मूळ कोणते? ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ 1985 साली जपानमध्ये आला तेव्हा त्याच्या खोक्यावर खेळाचा कर्ता शिगेरू मियामोतो याने स्वतः काढलेले, पात्रांनी गजबजलेले चित्र होते. अमेरिकेतील खोक्यावर पडद्यावरील चौकोनी ठिपक्यांचीच आकृती मोठी करून छापली होती. खेळ एकच, उंबरठे दोन.

महाराष्ट्रात तर हा खेळ पुष्कळांना तिसऱ्याच उंबरठ्यावरून भेटला. जपानी कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या (1983) स्वस्त नकला 1990 च्या दशकात येथील बाजारात आल्या. खेळाच्या वडीला सारे ‘कॅसेट’ म्हणत. ती बहुधा खोक्यावाचूनच हाती पडे. तिच्यावर चिकटवलेला रंगीत कागद हेच तिचे मुखपृष्ठ. त्यावर लाखो खेळांचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात थोडेच खेळ निरनिराळ्या नावांनी पुनःपुन्हा येत. चित्राचा आतल्या खेळाशी संबंध असेलच असे नाही. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा 1993 साली सुरू झाला. त्या सुमारास गणपतीला मुंबईहून महाड-पोलादपूरकडे येणाऱ्या एखाद्या चाकरमान्याच्या पिशवीतून अशी कॅसेट वीरसारख्या गावी पोहोचली असेल, तर ती याच रूपात. तेथील मुलाच्या दृष्टीने तो खोटा आकडा हीच खेळाची पहिली ओळ होती.

आज अशाच कॅसेटसाठी अमेरिकी खोक्याचे चित्र छापून घेतले, तर जे घडते त्याला जीर्णोद्धार म्हणता येणार नाही. अमेरिकी कॅसेट 72 पिनांची व आकाराने मोठी. येथील नकलांत चालणारी 60 पिनांची व लहान. त्या डबीत ही कॅसेट सैल बसते. हे सैलपण सूचक आहे. जो इतिहास येथे घडलाच नाही तो वर चढतो. जो घडला – नकलेचा, काटकसरीचा, अतिशयोक्त आश्वासनाचा – तो लाजिरवाणा ठरून आत दडपला जातो.

मूळ कागद किडका, फाटका असताना वस्तूला नीटनेटके रूप देणे हा संग्राहकाचा हक्क आहे, असा एक युक्तिवाद संभवतो. तो अमान्य करण्याचे कारण नाही. संग्रह हेही एक वाचन आहे, आणि आवडीचे चित्र निवडणे हा त्या वाचनाचा भाग आहे. मात्र वाचनाने पाठभेद पुसू नयेत, ही संहिताचिकित्सेची शिस्त येथेही लागू पडते. नव्या मुखपृष्ठावर ते केव्हा छापले याची नोंद असावी. जुना कागद, कितीही विद्रूप असो, डबीतच जपला जावा. एवढे केले तर बदललेले मुखपृष्ठ बासनासारखे निरुपद्रवी राहील. नाहीतर उद्याच्या अभ्यासकाला सुबक डब्यांची रांग दिसेल, आणि त्या खेळांशी महाराष्ट्राची पहिली भेट कशी झाली हे मात्र तीतून कळणार नाही.