राजुऱ्याचा पोरगा कोणाकडून खेळणार? रणजीचा पहिला सामना आणि आपला नकाशा

एक साधा प्रश्न विचारतो. वर्धा नदीच्या अलीकडे बल्लारपूर, पलीकडे राजुरा. १९३४ साली या दोन गावांत दोन मुलं सारखीच चांगली बॉलिंग टाकतात असं समजा. दोघंही आपापल्या प्रांताकडून खेळायला लागले, तर ते एकाच संघात असतील का?

नसतील. बल्लारपूर तेव्हा चांदा जिल्ह्यात, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडात. राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात. नदी एकच, पण अलीकडचा मुलगा मध्यप्रांत-वऱ्हाडचा आणि पलीकडचा हैदराबादचा. माझ्या संशोधनाचा गाभा साधारण हाच आहे: खेळाडू कोणाचा, हे ठरवतं कोण? तो जन्मला ते गाव, तो राहतो ते शहर, की त्याला पगार देणारा मालक?

हा प्रश्न आपल्याकडे नीट उभा राहिला तो ४ नोव्हेंबर १९३४ रोजी, मद्रासच्या चेपॉक मैदानावर. रणजी स्पर्धेचा पहिला सामना, मद्रास विरुद्ध म्हैसूर. पहिला चेंडू टाकला एम. जे. गोपालन यांनी, समोर होते म्हैसूरचे एन. कर्टिस. म्हैसूरचा डाव ४८ धावांत आटोपला. मद्रासने १३० केल्या. म्हैसूर पुन्हा खेळायला आलं आणि ५९ वर गारद. एक डाव आणि २३ धावांनी मद्रास जिंकलं, तेही एकाच दिवसात! ए. जी. रामसिंग यांनी ३५ धावांत ११ बळी घेतले.

आता या रामसिंगांच्या नावाकडे बघा. ‘ए. जी.’ म्हणजे अमृतसर गोविंदसिंग. घराणं पंजाबातलं, पण मद्रासला स्थायिक झालेलं. म्हणजे प्रांतवार स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी मद्रासला जिंकून दिलं ते नावातच अमृतसर असलेल्या माणसाने. आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. तो मद्रासमध्ये राहत होता, मद्रासचा झाला होता. बस.

यात नवीन काय होतं, ते कळायला जरा मागे जावं लागेल. तोवर देशातली सगळ्यात गाजलेली स्पर्धा मुंबईची होती आणि तिथले संघ धर्मावर ठरत. आधी युरोपियन आणि पारशी, १९०७ पासून हिंदू, १९१२ पासून मुसलमान, १९३७ पासून ‘द रेस्ट’. पळवणकर बाळूंसारखा अव्वल गोलंदाज जातीमुळे हिंदू संघाचा कर्णधार होऊ शकला नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते पद मिळालं, ते १९२३ मध्ये. या स्पर्धेत तुम्हाला पहिला प्रश्न विचारला जाई तो तुमचा धर्म कोणता. रणजीने तो प्रश्नच बदलला: तुमचा प्रांत कोणता?

ऐकायला किती छान वाटतं! पण प्रांत म्हणजे काय, हे तरी कुठे सरळ होतं? पहिल्या हंगामात १५ संघ होते. त्यात मुंबई होती, महाराष्ट्र वेगळा होता, गुजरात वेगळा होता, सिंध होता, सैन्याचासुद्धा एक संघ होता. आपला मध्यप्रांत-वऱ्हाडही होता. क्रिकेटचा नकाशा इंग्रजांच्या कारभाराच्या नकाशावरून थोडा गिरवलेला आणि थोडा मनाने काढलेला. पुढे बडोदा, नवानगर, होळकर अशा संस्थानिकांचे संघ जोरात आले आणि त्यांनी चांगले खेळाडू नोकरी देऊन आपल्याकडे नेले.

यातलं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच घरचं आहे. सी. के. नायडू जन्मले नागपुरात, १८९५ साली. पण त्यांच्या कर्णधारपदाखाली रणजी जिंकली ती इंदूरच्या होळकर संघाने. विजय हजारे सांगलीचे, नाव झालं बडोद्याचं. गाव खेळाडू घडवतं आणि दरबार त्याला घेऊन जातो, अशी ही रीत.

ही तक्रार फक्त आपलीच नाही बरं का. ऑस्ट्रेलियात रग्बी लीगमध्ये हेच चाललं होतं. क्वीन्सलँडची पोरं सिडनीच्या क्लबांत पैशासाठी जायची आणि मग तिथे राहतात म्हणून न्यू साउथ वेल्सकडून, स्वतःच्याच राज्याविरुद्ध खेळायची. शेवटी ८ जुलै १९८० रोजी ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर एक प्रयोग झाला: या सामन्यात प्रत्येकाने आपल्या मूळ राज्याकडून खेळायचं. क्वीन्सलँडच्या रोमा गावात जन्मलेले आर्थर बीटसन आधी न्यू साउथ वेल्सकडून खेळले होते. ते ३५व्या वर्षी पहिल्यांदा क्वीन्सलँडचे कप्तान म्हणून उतरले. ३३ हजारांवर प्रेक्षक होते. क्वीन्सलँड २०-१० ने जिंकलं आणि त्यातून ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ ही मालिका उभी राहिली.

रणजीत असा ‘मूळ गावाचा’ नियम कधी आला नाही. तो यायला हवा होता का? मला आधी वाटायचं, हो. आता तेवढी खात्री वाटत नाही, आणि त्याला कारण राजुराच आहे.

१९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली. हैदराबाद राज्य मोडलं, राजुरा नांदेड जिल्ह्यात गेलं आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडलं गेलं. त्याच सुमारास, १९५७-५८ च्या हंगामापासून, ‘विदर्भ’ नावाचा संघ रणजीत उतरला. राज्य एक झालं तरी क्रिकेटमध्ये मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ राहिले. वर विदर्भ मध्य विभागात आणि बाकीचे दोघे पश्चिम विभागात! १९३७-३८ मध्ये हैदराबादने अंतिम सामन्यात नवानगरला एका गड्याने हरवून रणजी जिंकली, तेव्हा राजुऱ्याच्या माणसाला ‘आपला संघ जिंकला’ म्हणायची सोय होती. वीस-बावीस वर्षांनी, घर न हलवता, तोच माणूस विदर्भाचा झाला. मग त्याचं ‘मूळ’ कुठलं धरायचं?

सिरोंच्याचं तर विचारूच नका. गोदावरी-प्राणहितेच्या काठावरचं, मराठीइतकंच तेलुगू बोलणारं गाव. १८७४ पर्यंत ते अप्पर गोदावरी जिल्ह्यात होतं, मग चांद्यात आलं आणि २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा झाल्यावर तिकडे गेलं. माणसं जागेवर, नकाशा फिरता.

संशोधनात माझी अडचण वेगळीच आहे. धावफलकात खेळाडूचं नाव असतं, संघाचं असतं, गाव मात्र नसतं. ‘मध्यप्रांत-वऱ्हाड’ किंवा ‘विदर्भ’ या नावाखाली चांदा आणि गडचिरोलीही मोजले जातात, पण निवड, सराव, टर्फ विकेट हे सगळं जमतं नागपुरात. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. चाचणीला जायचं तर एसटीत आख्खा दिवस. संघाच्या नावात जंगलाचा हक्क आहे, पण मैदानापर्यंतची वाट फार लांब आहे. माझ्या मते ‘खेळाडू कोणाचा’ या प्रश्नाचं खरं उत्तर इथे सापडतं: जन्माच्या दाखल्यापेक्षा जास्त ते ठरतं कोणत्या गावाला कोणतं मैदान जवळ आहे यावर.

१ जानेवारी २०१८ ला विदर्भाने इंदुरात दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. ज्या इंदूरला नायडू गेले, त्याच इंदुरात. कर्णधार फैज फजल नागपूरचा, हॅटट्रिक रजनीश गुरबानीची, अनुभव मुंबईहून आलेल्या वसीम जाफरचा, प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित. पुढच्या वर्षी पुन्हा आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. बाहेरचे आले म्हणून विजय आपला नाही, असं कोणी म्हटलं नाही. चेपॉकवर रामसिंगांबद्दल म्हणायचं कारण नव्हतं, तसंच.

तर मंडळी, एक विनंती. तुमच्या घरी शाळेच्या, कोळसा खाणीच्या, पेपर मिलच्या संघाचा जुना फोटो असेल तर त्याच्यामागे पेन्सिलीने खेळाडूंची नावं लिहून ठेवा. आणि नावापुढे गाव लिहायला विसरू नका. धावफलकाने जे लिहिलं नाही, ते निदान तिथे तरी राहील.