ताटं मोजली, तास राहून गेले

खालचा दिवस कुण्या एका घरचा नाही. वधूपिता, आचारी, लॉन आणि पाहुण्यांचे आकडे मी रचलेले आहेत. ऊन, जंतू आणि त्यांना लागणारा वेळ मात्र खरा आहे. मे महिन्यात दाट तिथीच्या रात्री यवतमाळच्या आर्णी रोडने, धामणगाव रोडने किंवा दारव्हा रोडने चक्कर मारली तर असे स्वागत समारंभ एकाला लागून एक दिसतात. बहुतेक सुखरूप पार पडतात. हा पडला नाही.

आदल्या दिवशी, रात्री 9:00

अंगणात खुर्च्या टाकून शेवटची बैठक. पत्रिका गेल्या सातशे. एका पत्रिकेमागे किती माणसं धरायची, यावर घरात तीन मतं आणि तिन्ही मतांचे लोक चढ्या आवाजात. आचारी शांत. त्याने असे शेकडो बाप पाहिले आहेत.

"पाचशे ताटं लिहा जी. सहाशेपर्यंत मी ओढतो."

"आणि कमी पडलं तर? लोक वर्षभर बोलतीन बाप्पा!"

पुढचे दोन तास या एकाच भीतीवर खर्च होतात आणि प्रत्येक नातेवाईक तिच्यावर एकेक पदार्थाचा उतारा सुचवतो. मामाजींना पनीर हवं. जावयाकडची माणसं येणार म्हणून रबडी. पोरांसाठी मंचुरियन आणि पाणीपुरीचा स्टॉल. म्हाताऱ्यांसाठी वरण-भात, वांग्याची भाजी, कढी. वऱ्हाडी मान राहावा म्हणून पाटोडी. यादी पंचवीसच्या पुढे जाते.

बुफेत पाहुणा सगळ्यातलं थोडं थोडं घेतो, हे आचाऱ्याला पाठ असतं. म्हणून पंचवीस पदार्थ असले तरी प्रत्येक पदार्थ तो पाचशे माणसांचा रांधत नाही. माल त्यामुळे आटोक्यात राहतो, वेळ मात्र राहत नाही. हात तेच आठ-दहा, भट्ट्या त्याच चार, पदार्थ दुप्पट झाले. मग स्वयंपाक लवकर सुरू करावा लागतो, आणि लवकर झालेला पदार्थ थांबून राहतो. पंगतीत गंजातलं वरण पानात पडायला पंधरा मिनिटं लागायची. बुफेचा सगळा डोलारा थांबलेल्या अन्नावर उभा असतो. कोणता पदार्थ किती वाजता उतरणार आणि किती वाजता लोकांच्या तोंडात जाणार, एवढा एकच प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारत नाही. 2020 च्या टाळेबंदीत लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, तेव्हा पाहुण्यांचा आकडा तरी आधी कळत होता. एरवी आपल्याकडे तो ताटं धुताना कळतो.

आगाऊ रक्कम दिली जाते. अन्न सुरक्षेच्या कायद्याने केटररला परवाना लागतो. त्याचा नंबर मात्र कोणी मागत नाही, तसं मागणं अविश्वासाचं दिसतं.

लग्नाचा दिवस, सकाळी 6:00

भाजी उतरते, खवा येतो, दुधाचे कॅन येतात. आचाऱ्यांचा जुना नेम असा, की आधी गोड उरकून घ्यायचं. ऊन तापायच्या आत दूध आटवलेलं बरं. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने विचार केला तर यात चूक काहीच नाही.

सकाळी 9:30

पाणी. यवतमाळात या विषयाला स्वतंत्र नोंद द्यावीच लागते. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही शहराची दोन्ही धरणं आटली होती. टँकर आणि ड्रम हा त्या शहराच्या दिनक्रमाचाच भाग झाला होता. तेव्हापासून लग्नघरात पाण्याची मोजदाद सवयीचीच झाली. पिण्याला जार, स्वयंपाकाला टँकर. हात धुवायला म्हणून वेगळं पाणी कोणी मोजत नाही. भट्टीमागे एक बादली आहे, तिच्यात सगळ्यांचे हात, झारे आणि फडकी धुतली जातात.

सकाळी 11:40

रबडी उतरते. तिकडे मंगलाष्टकं सुरू होतात, इकडे ती थंड व्हावी म्हणून रुंद परातींत ओतून पंख्याखाली ठेवतात. एक पोरगा पिस्त्याचे काप टाकून हाताने सारखे करतो. त्याच्या बोटावर पट्टी आहे, काल नारळ फोडताना लागलेलं.

निरोगी माणसांपैकी साधारण चौघांत एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू मुक्कामाला असतो. चिघळलेल्या जखमेत तर हमखास. तो असण्याने काही होत नाही. त्याला दूध, ऊब आणि काही तास मिळाले की तो एक विष सोडतो. जंतू उकळीने मरतो, विष मरत नाही. त्याला वास नाही, चव नाही. संध्याकाळी ही रबडी पुन्हा उकळली असती तरी फार उशीर झालेला असता.

नियम सोपा आहे. गार खायचं ते 5 अंशांच्या खाली, गरम खायचं ते 60 अंशांच्या वर. मधल्या पट्ट्यात अन्नाने रेंगाळायचं नाही.

दुपारी 2:30

लॉनमध्ये डीप फ्रीझर आहे. त्यात आइस्क्रीमचे खोके आणि पाण्याच्या बाटल्या ठासून भरल्या आहेत. रबडीचे दोन डबे आत बसतात, चार बाहेर राहतात. बाहेरच्या डब्यांभोवती बर्फ लावायचं ठरतं. बर्फ येतो तो निळसर. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायची सक्ती महाराष्ट्रात 2018 मध्ये झाली, ती ओळख पटावी म्हणूनच. डब्याबाहेर लावायला तो चालतो. तासाभरात त्यातला अर्धा कोणीतरी मठ्ठ्याच्या ड्रमकडे नेतो.

पावणेतीनला लाइन जाते. जनरेटर आहे, पण तो स्टेजच्या लायटिंगसाठी आणि सातनंतर.

दुपारी 4:00

या घटनाक्रमातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तास हाच, आणि या तासाला लॉनवर जागं कोणी नाही. घरची मंडळी पंगतीतून उठून सतरंज्यांवर आडवी झाली आहेत.

आचाऱ्याची निम्मी माणसं सहा वाजता पांढरकवडा रोडच्या दुसऱ्या ऑर्डरवर जाणार. म्हणून पनीरची ग्रेव्ही, वरण आणि वांग्याची भाजी चारलाच उतरतात. एका गंजात शंभरेक लिटर. झाकण घट्ट, वर ओलं फडकं. धूळ बसू नये म्हणून.

असा गंज आतून फार सावकाश निवतो, काही तास घेतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स नावाच्या जंतूचे कवचबंद बीजाणू उकळीतूनही वाचतात. मातीत, धुळीत, मसाल्यात ते असतातच. उकळीने अन्नातली हवा निघून जाते आणि हवा नसलेली ऊबदार जागा त्यांना हवीच असते. त्यांची वाढ सर्वांत जोरात होते 43 ते 47 अंशांच्या दरम्यान. मे महिन्यात यवतमाळची दुपार 43-44 अंशांची असते. पुण्याच्या डिसेंबरात हाच गंज निवता निवता या पट्ट्यातून पार होऊन खाली गेला असता. इथे बाहेरची हवाच त्याला त्या पट्ट्यात धरून ठेवते.

सर्वांत अनुकूल तापमानात हा जंतू सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे दोन तासांत चार हजार पट.

उपाय कठीण नव्हते. उथळ भांड्यांत वाटून भट्टीच्या मंद आचेवर ठेवलं असतं तरी चाललं असतं, किंवा ग्रेव्ही सातला उतरवायची. त्यासाठी जास्तीचा सिलेंडर आणि दोन माणसं थांबवावी लागली असती. ताटामागच्या भावात घासाघीस करताना कापले गेले ते हेच पैसे. फुलांच्या कमानीचे पैसे कोणी कापत नाही.

संध्याकाळी 6:45

टेबलं सजतात. तांब्यासारख्या चकचकीत हंड्या, खाली पाण्याचा ट्रे, त्याखाली जेलचे छोटे डबे. ही हंडी गरम अन्न गरम ठेवायला असते, निवलेलं तापवणं तिच्या ताकदीबाहेरचं आहे. कोमट ग्रेव्ही तिच्यात ओतली की वरून वाफ दिसते, ती खालच्या पाण्याची. पाहुण्यांना वाटतं, गरमागरम आहे.

संध्याकाळी 7:00

पत्रिकेवर छापलेली वेळ. हजर: बिछायतवाला, फोटोग्राफर आणि दिग्रसहून एसटीने आलेलं एक म्हातारं जोडपं, ज्यांना परतीची गाडी गाठायची आहे. त्यांना कोणी जेवायला म्हणत नाही, कारण नवरानवरी अजून ब्यूटी पार्लरमध्ये आहेत.

रात्री 8:50

नवरानवरी स्टेजवर. आहेराची रांग टेबलांपर्यंत येते आणि जेवणाच्या रांगेत मिसळते. पहिल्या तासात दोनशे जेवतात. पुढच्या चाळीस मिनिटांत तीनशे तुटून पडतात.

हंड्या रिकाम्या व्हायला लागल्या की वाढपी गंजातून बादली भरून आणतो आणि उरलेल्यावरच ओततो. आधीच्या हंडीचा तळ नव्या मालात मिसळतो. रात्रभर हंडी एकदाही कोरी होत नाही. पनीरचा डाव मंचुरियनमध्ये, तिथला तिसरीकडे. आत्याबाई तीन वाट्या रबडी घेतात आणि लेकीच्या सासूला आग्रहाने चौथी देतात.

रात्री 10:50

रिकाम्या ताटांच्या थप्प्यांपाशी वधूचा धाकटा काका वही घेऊन बसला आहे. हिशेब ताटावर आहे, केटररने पन्नास जास्त लावू नयेत म्हणून घरचा विश्वासू माणूस नेमलेला. आकडा होतो 628. आचारी म्हणतो 645. दहा मिनिटं हुज्जत होते. सबंध दिवसात जेवणावर ठेवलेला हा एकमेव पहारा. काही शे रुपयांचा अन्नाचा थर्मामीटर घेऊन चार वाजता असा एक काका गंजापाशी बसवता आला असता. आपल्याकडे ती कामगिरी अजून कोणाला सुचलेली नाही.

रात्री 11:30

पुरलं! वधूपित्याचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा सैल होतो. उरलेली ग्रेव्ही आणि रबडी डब्यांत भरून शेजाऱ्यांकडे, सफाईवाल्या बायकांकडे, गाडीवाल्यांकडे जाते. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगलीच आहे. ते डबे सकाळी उघडले जातील.

रात्री 12:20

आत्याबाईंना मळमळतं. "दगदग झाली, ऊनही लागलं असेल." लिंबूपाणी देतात. वीस मिनिटांनी लेकीची सासू. मग आर्णीकडे निघालेली क्रूझर रस्त्याच्या कडेला थांबते आणि आतली चार माणसं एकदम उतरतात. स्टॅफिलोकॉकसचं विष अर्ध्या ते आठ तासांत गुण दाखवतं. आधी उलटी, तीही आवरता न येणारी.

रात्री 2:45

वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयात एकच डॉक्टर आणि मोजक्या खाटा. ज्यांना जमतं ते थेट यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे गाड्या वळवतात.

अशा रात्री किती वेगाने हाताबाहेर जातात, हे 2024 च्या फेब्रुवारीने दोनदा दाखवलं. पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत 6 तारखेला एकादशीचा महाप्रसाद झाला. लोकांनी संध्याकाळी पाचच्या सुमारास खाल्लं, पहाटेपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. बाधितांचा आकडा दोन हजारांच्या घरात सांगितला गेला. दोनच आठवड्यांनी, 20 तारखेच्या एकादशीला, बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला तेच घडलं. खाटा पुरेनात म्हणून झाडांना दोर बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. ते दोन्ही प्रसंग प्रसादाचे होते, तिथे चकचकीत हंड्या नव्हत्या. मोठी भांडी आणि थांबलेले तास मात्र देवळात आणि लॉनमध्ये सारखेच असतात.

इथला डॉक्टर मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस, लहान मुलं आणि म्हातारे आधी, असा क्रम लावतो. बहुतेक जण दिवसभरात सावरतील, हे त्याला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी, सकाळी 7:30

आणि मग दुसरी लाट. ही माणसं रात्रभर शांत झोपली होती, रबडीला त्यांनी हातही लावला नव्हता. त्यांना उलटी नाही. पोटात मुरडा आणि जुलाब आहेत. परफ्रिन्जन्स असाच उशिरा, बहुधा आठ ते बारा तासांनी येतो. डबे घेऊन गेलेल्या घरांतून पहिले फोन दुपारनंतर येतील.

सकाळी 11:00

अन्न व औषध प्रशासनाचे लोक लॉनवर पोचतात तेव्हा गंज घासून चकचकीत झालेले. टेम्पो पहाटेच गेला. नमुन्यासाठी सापडतात दोन वाट्या कढी आणि एका शेजाऱ्याने न उघडलेला रबडीचा डबा, तो हाती लागणं हे नशीबच.

त्याहून उपयोगी पडते यादी. रुग्णालयातली माणसं खाटेखाटेपाशी जाऊन विचारतात: काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला? आणि जे बरे आहेत त्यांनाही तेच विचारतात, कारण आजारी नसलेल्यांच्या ताटात काय नव्हतं हे कळल्याशिवाय काही सिद्ध होत नाही. जुन्या पंगतीत हे काम फार अवघड जायचं, सगळ्यांच्या पानात सगळंच वाढलेलं असायचं. बुफेत प्रत्येकाचं ताट वेगळं असतं, म्हणून गुन्हेगार पदार्थ लवकर सापडतो. मधुमेही मामाजी आणि त्यांच्या टेबलावरचे तिघं ठणठणीत निघतात. रबडीच्या रकान्यात चौघांपुढेही फुली. पनीरच्या रकान्यात दुसराच आकार दिसतो: सुरुवातीला जेवलेले कमी आजारी, उशिरा जेवलेले जास्त.

शेवटचा रकाना पदार्थ उतरवल्याच्या वेळेचा. आचाऱ्याला फोन लावतात. तो दुसऱ्या लॉनवर आहे, मागे भट्टीचा आवाज.

"चार वाजले असतीन साहेब. घड्याळ कोण पाह्यते तिथं?"

अधिकारी लिहितो: अंदाजे 4.