मागची सीट आणि अधिमान्यतेचा कागद: टूरिंग व जीटी मोटारींच्या वर्गवारीचा इतिहास

१:२४ प्रमाणातील पोर्शे ९११ची प्रतिकृती तयार झाली, डिकल्स चढली, लाख वाळली. आता ती फळीवरच्या कोणत्या रांगेत ठेवायची? टूरिंगच्या की ग्रँड टूरिंगच्या, म्हणजेच जीटीच्या? दोन दारे आणि मागे उतरत जाणारे छत पाहून बहुतेक प्रतिकृतिकार क्षणात ‘जीटी’ म्हणतात. इतिहासाचे उत्तर इतके सरळ नाही. आजचा धागा याच वर्गवारीवर.

१९६६ साली ९११ प्रथमच ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरली. तेथे ती जीटी वर्गात धावली आणि एकूण क्रमवारीत चौदावी आली. पुढच्याच वर्षी बेल्जियममधील स्पाची २४ तासांची शर्यत ९११ने जिंकली आणि १९६८ व १९६९ सालीही तेथे तिचाच विजय झाला. स्पाची ती शर्यत मात्र त्या काळी टूरिंग मोटारींची होती! मधल्या काळात ९११ला दोन जादा दारे फुटली नव्हती.

या कोड्याचे उत्तर ‘परिशिष्ट जे’ या रूक्ष नावाच्या दस्तऐवजात आहे. मोटार-शर्यतींची जागतिक नियामक संस्था एफआयए हिच्या क्रीडासंहितेचे हे परिशिष्ट. १९६६पासून त्यात गटांना क्रमांक आले. वर्षभरात ५,००० मोटारी तयार झाल्या तर गट १, १,००० झाल्या तर गट २. हे दोन्ही टूरिंगचे. ५०० झाल्या तर गट ३, म्हणजे जीटी. टूरिंग मोटारीत चौघांना बसण्याजोगी जागा हवी, जीटीला दोन आसने पुरत. ९११च्या मागच्या सीटवर प्रौढ माणसाने पुण्याहून मुंबईपर्यंत प्रवास करून दाखवावा, असे आव्हान मी कोणालाही देईन. पण नियमाच्या मोजपट्टीला ती सीट पुरेशी ठरली आणि ९११च्या काही आवृत्त्यांना टूरिंग म्हणून अधिमान्यता मिळाली. या अधिमान्यतेलाच शर्यतीच्या भाषेत ‘होमोलोगेशन’ म्हणतात.

तेव्हा प्रतिकृतिकाराने आधी शर्यत व तारीख निश्चित करावी आणि वर्ग त्यानंतर विचारावा. खोक्यावर छापलेल्या नावावर तर मुळीच विसंबू नये. फोर्ड जीटी४०च्या नावातच जीटी आहे. तरीही १९६८ व १९६९ साली ल माँ जिंकताना ती गट ४ची ‘स्पोर्ट्स कार’ होती. १९७०मध्ये गट ४चा अर्थच पालटला आणि तो ‘विशेष ग्रँड टूरिंग’ मोटारींचा गट झाला. म्हणून सालाशिवाय नुसते ‘गट ४’ लिहिलेली पाटी काहीच सांगत नाही.

संख्येच्या अटीने कारखानदारांना चातुर्य शिकवले. फेरारी २५० जीटीओच्या नावातील ‘ओ’ म्हणजे ‘ओमोलोगातो’, अर्थात अधिमान्यताप्राप्त. १९६२ साली जीटी वर्गासाठी १०० मोटारींची अट होती आणि जीटीओ बनल्या जेमतेम तीन डझन. जुन्या २५० जीटीचीच ही सुधारित आवृत्ती, असे सांगून ती अधिमान्य करून घेतली गेली. हीच युक्ती २५० एलएमसाठी चालली नाही. चालकाच्या पाठीमागे इंजिन असलेली ती मोटार जुन्या जीटीची आवृत्ती कशी मानावी? चिडलेल्या एन्झो फेरारींनी १९६४च्या शेवटच्या दोन फॉर्म्युला वन शर्यतींत आपल्या मोटारी लाल रंगाऐवजी अमेरिकी निळ्या-पांढऱ्या रंगात उतरवल्या. जॉन सर्टीस यांनी त्या वर्षीचे जगज्जेतेपद निश्चित केले ते अशाच रंगातल्या मोटारीत. तिची लाल प्रतिकृती दिसायला सुंदर होईल, पण खोटी ठरेल.

माझ्या मते तारखेचे महत्त्व सर्वांत स्पष्ट होते ते बीएमडब्ल्यू ३.० सीएसएलमध्ये. गट २ची ही टूरिंग मोटार तिच्या प्रचंड मागच्या पंखामुळे ‘बॅटमोबील’ म्हणून ओळखली जाते. पंखांसह तिला अधिमान्यता मिळाली १ जुलै १९७३ रोजी. जर्मनीच्या रस्त्यांवर असा पंख बेकायदा होता. म्हणून कंपनी तो गाडीच्या डिकीत ठेवून देई आणि बसवायचा की नाही ते गिऱ्हाइकाने पाहावे! आता हिशेब करा. त्या वर्षीची ल माँ जूनमध्ये झाली. तेथे टूरिंग वर्ग जिंकलेल्या सीएसएलवर तो पंख नव्हता. कोणी हौसेने तो चिकटवला, तर प्रतिकृती एका महिन्याने चुकते, आणि एका महिन्यात ती मोटार नियमबाह्य ठरते.

पोर्शेने मात्र पुढे प्रतिकृतिकारांवर उपकारच केले. ९३० टर्बोपासून घडवलेली गट ४ची मोटार ती ९३४ आणि गट ५ची ती ९३५. त्याआधीच्या कॅरेरा आरएस २.७ची कथाही रंजक आहे. गट ४च्या अधिमान्यतेसाठी ५०० गाड्या काढायच्या ठरले, मागणी एवढी आली की दीड हजारांहून अधिक विकल्या गेल्या. त्यामुळे ती गट ३मध्येही बसली, कारण तोवर त्या गटाची अट १,०००वर गेली होती.

सर्वांत अवघड प्रकरण १९९४चे. पोर्शे ९६२ने १९८६ व १९८७ साली ल माँ जिंकली ती प्रोटोटाइप म्हणून, गट सीमध्ये. पुढे डाउअर या जर्मन कंपनीने तिची रस्त्यावर चालवण्याजोगी आवृत्ती काढली आणि त्या आधारे १९९४ साली तीच मोटार जीटी वर्गात उतरून शर्यत जिंकून गेली. डोळ्यांना ती आजही प्रोटोटाइपच दिसते. तरी माझ्या फळीवर मी तिला जीटीच्या रांगेत ठेवीन, जीटीच्या नियमाने आलेल्या अरुंद टायरांसकट, आणि पाटीवर ‘ल माँ, जून १९९४’ एवढे जरूर लिहीन.