हिवाळा, बंद खोली आणि कुंडीतला पाम

नारळ, सुपारी, ताड, भेरली माड ही सारी ज्या कुळातली, ते पाम वनस्पतींचे कुळ मूलतः उष्ण कटिबंधाचे. तरीही या कुळातील काही जाती कुंडीत बसून थेट बर्फाळ देशांच्या दिवाणखान्यात जाऊन पोहोचल्या. लंडनच्या क्यू उद्यानात १८४४ ते १८४८ या काळात त्यांच्यासाठी लोखंड व काचेचे प्रचंड ‘पाम हाउस’ उभारण्यात आले. आत उष्ण जंगलाची ऊब राहावी म्हणून तळघरात बॉयलर बसविण्यात आले आणि त्यांचा धूर भुयारातून दूरच्या मनोऱ्याकडे नेण्यात आला. राजाश्रय लाभलेल्या वनस्पतींची ही गोष्ट झाली. सामान्य घरातील पामला मात्र खिडकीशेजारचा कोपरा आणि घरच्यांची माया एवढ्यावरच हिवाळा काढावा लागतो. आणि बहुधा ती मायाच त्याच्या जिवावर बेतते.

घरातील पाम थंडीने मरतो, असा सर्वसाधारण समज आहे. उघड्यावर तो थंडीने मरतोही. परंतु माणसाला सुखावह वाटणाऱ्या खोलीत, म्हणजे १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमानात, बहुतेक जाती तग धरतात. तेथे खरा प्रश्न असतो तो उजेडाचा व पाण्याचा. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे १५ अंशच वर येतो. त्याच दिवशी पुण्यात तो सुमारे ४८ अंशांवर असतो. शिवाय खिडकीपासून चार पावले आत सरकले की उजेड झपाट्याने कमी होतो. माणसाच्या डोळ्याला ही घट जाणवत नाही, पानाला जाणवते. अन्न तयार करण्याचे काम मंदावले की वाढ थांबते, मुळांची पाण्याची मागणीही उतरते. घरातील माणसे मात्र उन्हाळ्यातील सवयीनुसार ठरल्या दिवशी झारी घेऊन उभी राहतात.

सतत ओल्या मातीतील पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पाने मलूल होतात. ती मलूल पाने पाहून ‘झाड तहानले’ असे समजून आणखी पाणी घातले जाते. यासाठी वार पाहून पाणी घालण्याची पद्धत हिवाळ्यात सोडून द्यावी. मातीत बोट दोन इंच खुपसून पाहावे. तेवढा थर कोरडा लागला तरच पाणी घालावे. घालताना मात्र ते कुंडीच्या तळाच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत घालावे आणि बशीत साचलेले लगेच ओतून टाकावे. उन्हाळ्यात चार दिवसांनी लागणारे पाणी थंडीत दहा-बारा दिवसांनीही पुरू शकते. नळाचे पाणी गारठलेले असल्यास ते खोलीत ठेवून कोमट होऊ द्यावे. कुंडी थंड फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवली, तर मुळांना ऊब राहते. वाढ थांबलेली असताना खत देणे व्यर्थच. न वापरलेले क्षार मातीत साठून पानांची टोके करपतात.

पामच्या बाबतीत ही सावधगिरी अधिक महत्त्वाची ठरते ती त्याच्या रचनेमुळे. जास्वंदीची फांदी वाळली तर खालून नवी फुटते. पामच्या खोडाला वाढीचा एकच कोंब असतो, तो शेंड्याला. तो कुजला की ते खोड संपले. कोकणातील माडाच्या बागाईतदाराला हे सांगावे लागत नाही. अरेकासारख्या जातींत अनेक खोडांचा झुपका असल्याने एखादे गेले तरी कुंडी रिकामी दिसत नाही. एकखोडी जातीत ती सवलत नाही. मधली न उमललेली सुरळी हलकेच ओढताच हातात आली, तर कोंब कुजल्याचे समजावे. पुष्कळदा हे मार्चमध्ये लक्षात येते. घात डिसेंबरातच झालेला असतो. उलट खालचे एखादे जुने पान पिवळे पडणे स्वाभाविक आहे. ते पूर्ण वाळेपर्यंत कापू नये, कारण त्यातील पोटॅशियम झाड नव्या पानांसाठी परत ओढून घेत असते.

थंड देशांतील हीटरने तापलेल्या घरांत आणखी एक शत्रू असतो, कोरडी हवा. पानांवर पाणी फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण त्याने वाढलेला दमटपणा काही मिनिटेच टिकतो. कुंड्या एकत्र ठेवणे, हीटरच्या झोतापासून दूर ठेवणे आणि शक्य असल्यास दमटपणा वाढविणारे यंत्र लावणे अधिक उपयोगी. कोरड्या हवेत लाल कोळी ही सूक्ष्म कीड फोफावते. पानांवर बारीक फिकट ठिपके व खालच्या बाजूस तलम जाळी दिसली, की दोन्ही बाजू पाण्याने धुऊन काढाव्यात आणि हे दर आठवड्याला करावे.

मुंबईत हा सारा खटाटोप फारसा लागत नाही. पुणे, नाशिक, नागपूर येथे मात्र पारा दहा अंशांच्या आसपास किंवा खाली उतरतो, आणि आपल्याकडे सर्वाधिक खपणारा अरेका पाम तेव्हा गॅलरीत उघडा असतो. नाव अरेका असले तरी हा सुपारीच्या गणातला नव्हे, तो मादागास्करचा. अशा थंडीत त्याच्या पानांवर तपकिरी डाग पडतात. म्हणून तेवढ्या रात्रींपुरता तो आत घ्यावा, सकाळी पुन्हा उजेडात ठेवावा. हवा शुद्ध करतो म्हणून तो शयनगृहाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कायमचा ठेवण्यात अर्थ नाही. चार कुंड्यांनी खोलीतील हवेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही, झाडाचे हाल तेवढे होतात.

न्यू जर्सी किंवा टोरांटोत संसार थाटलेल्यांनी जातीची निवड विचारपूर्वक करावी. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावरील केंटिया पाम कमी उजेड व गारवा दोन्ही सोसतो. कोळशाच्या शेगड्या आणि गॅसचे दिवे असलेल्या व्हिक्टोरियन दिवाणखान्यात तो टिकला तो याच गुणामुळे, आणि त्याच्या बियांच्या निर्यातीवर त्या चिमुकल्या बेटाचे अर्थकारण उभे राहिले. मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलातील मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा पार्लर पाम आणि चीनमधला रॅफिस हेही चिवट. परदेशी दुकानांत अख्ख्या नारळासह विकला जाणारा माड मात्र, गावची आठवण म्हणून कितीही मोह झाला तरी, घेऊ नये. त्याला लागणारे ऊन व उष्मा तेथील खोलीत मिळत नाही. नारळातील शिदोरी संपली की तो खंगत जातो.

हिवाळा सरल्यावर झाड बाहेर नेताना घाई करू नये. महिनोन् महिने आडोशाला राहिलेली पाने थेट उन्हात एका दुपारीत भाजून पांढरी पडतात. पहिले दोन आठवडे दाट सावली, मग सकाळचे कोवळे ऊन, असा क्रम ठेवावा. नवी सुरळी वर सरकू लागली की खत सुरू करावे. कुंडी बदलायची असल्यास तीही तेव्हाच, मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फोडता बदलावी.