चाचणी-उड्डाणपूर्व विचारविनिमय

नवीन अथवा फेरबदल केलेल्या विमानाच्या चाचणी-उड्डाणापूर्वी वैमानिक, उड्डाण-अभियंता, सोबतच्या विमानांचे वैमानिक व जमिनीवरील अभियंते यांची जी बैठक होते, तीस वैमानिकी व्यवहारात ‘ब्रीफिंग’ म्हणतात. चाचण्यांचा क्रम, वेग व उंची यांच्या मर्यादा, प्रत्येकाचे काम आणि चाचणी कोणत्या क्षणी सोडून द्यावयाची हे तीत ठरते. विमान एकट्याच्या हाती होते, तोवर त्याची बहुतेक माहिती त्या एकाच्याच स्मरणात राहू शके. विमाने मोठी होताच ही स्थिती पालटली.

बोइंग कंपनीचे ‘मॉडेल २९९’ हे चार एंजिनांचे बाँबफेकी विमान २८ जुलै १९३५ रोजी प्रथम उडाले. ते उडविणारे कंपनीचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर होते. ३० ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील डेटननजीकच्या राइट फील्डवर लष्कराकडून त्याची चाचणी होती. या वेळी चालकाच्या आसनावर मेजर प्लॉयर हिल व शेजारी लेफ्टनंट डोनाल्ड पट होते. टॉवर निरीक्षक म्हणून मागे होते. विमान उभे असताना वाऱ्याने शेपटावरील हलती पृष्ठे आपटू नयेत म्हणून त्यांना खीळ घालण्याची सोय केलेली होती. ही खीळ चालककक्षातूनच काढता येई. ती काढावयाची राहून गेली. विमान तीव्र कोनात चढले, वेग गमावून कोसळले व पेटले. हिल त्याच दिवशी आणि टॉवर काही आठवड्यांत मरण पावले.

हा अपघात विसराळूपणाची कथा म्हणून सांगितला जातो. ते अपुरे वाटते. खिळीची माहिती असलेला मनुष्य विमानातच होता. ती योग्य क्षणी योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचविणारी पद्धत मात्र नव्हती. लष्कराने मोठी मागणी डग्लस कंपनीच्या बी-१८ विमानासाठी नोंदविली, पण बोइंगची १३ विमानेही वापरून पाहण्यासाठी घेतली. त्यांच्यासाठी तपासणी-सूची तयार झाल्या. एकाने बाब मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने ती पाहून उत्तर द्यावे, ही रीत पुढे रूढ झाली. याच विमानापासून प्रसिद्ध बी-१७ विकसित झाले.

सूचीने सर्व प्रश्न सुटले नाहीत. ८ जून १९६६ रोजी कॅलिफोर्नियात एक्सबी-७० या स्वनातीत विमानाच्या त्या दिवशीच्या चाचण्या पार पडल्या होत्या. त्यानंतर एका एंजिन-कंपनीच्या छायाचित्रांसाठी चार विमाने त्याच्या निकट उडत असता, जो वॉकर यांचे एफ-१०४ त्याच्या पंखाच्या टोकाला धडकून शेपटावर आदळले. वॉकर व सहवैमानिक कार्ल क्रॉस ठार झाले. मुख्य वैमानिक अल व्हाइट जखमी होऊन वाचले. या छायाचित्रणाला वरिष्ठांची रीतसर मान्यता नव्हती, असे चौकशीत आढळले. चाचणीचा भाग काटेकोर आखलेला आणि ‘किरकोळ’ भाग सैल, ही विसंगती त्या दिवशी प्राणघातक ठरली.

एकासनी विमानातही चमू असतोच. तो बहुतांशी जमिनीवर बसलेला असतो. भारताचे ‘तेजस’ विमान ४ जानेवारी २००१ रोजी बंगलोर येथे राजीव कोठियाल यांनी प्रथम उडविले. अशा उड्डाणांत विमानातील मापनांचे आकडे रेडिओद्वारे नियंत्रण-कक्षात सतत येतात व अनेक अभियंते ते पाहतात. वैमानिकाशी मात्र सामान्यतः एकच जण बोलतो. कोणाची शंका त्याच्यापर्यंत कोणत्या शब्दांत न्यावयाची, हेही आदल्या बैठकीत ठरलेले असते.