संख्यामालिका

ठरावीक नियमाने क्रमशः मांडलेल्या संख्यांची रांग. नियम ओळखून पुढील पद लिहिणे हा उच्च प्राथमिक गणिताचा भाग आहे. राज्यभरातील विद्यार्थी शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीसाठीही त्याचा सराव करतात.

भास्कराचार्यांच्या ⇨लीलावती (११५०) ग्रंथात श्रेढीव्यवहार (संख्यामालिकांचे गणित) हे स्वतंत्र प्रकरण आहे. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–८६) यांनी १९४९ मध्ये ६१७४ हा स्थिरांक शोधला (पहा : कापरेकर स्थिरांक). सर्व अंक समान नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ मिळते : ३५२४ पासून ३०८७, ८३५२, ६१७४ ही मालिका तयार होते.

३, ७, ११, १५ मध्ये फरक समान आहे. २, ६, १८ मध्ये गुणोत्तर समान. १, ३, ६, १० या त्रिकोणी संख्यांत फरकच एकेकाने वाढतो. मात्र थोड्या पदांवरून नियम एकमेव ठरत नाही, आणि अध्यापनात ही मर्यादा स्पष्ट करणे अत्यावश्यक आहे. १, २, ४ नंतर दुपटीच्या नियमाने ८, तर वाढत्या फरकाने ७ हे पद येते. नियम अक्षरांत मांडल्यास (३, ७, ११, १५ साठी ४n − १; n म्हणजे पदाचा क्रमांक) कोणतेही पद थेट मिळते, दहावीतील अंकगणिती श्रेढीचा पाया हाच आहे (पहा : बीजगणित, श्रेढी).