पार्किंगचा मजला

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भचाऊजवळ ७.७ क्षमतेचा भूकंप झाला. तिथल्या दगडमातीच्या घरांची पडझड समजण्यासारखी होती. कोडे होते ते अहमदाबादचे. केंद्रापासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर दूर असलेल्या या शहरात चक्क नव्या, काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या.

पाहणी करणाऱ्यांना एक दृश्य वारंवार दिसले: वरचे मजले जवळपास अखंड, तळमजला मात्र नाहीसा. वर विटांच्या भिंती, खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम. भिंत म्हणजे केवळ वजन, असे गणितात धरलेले. प्रत्यक्षात त्याच भिंतींनी वरचे मजले ताठ केले आणि सगळी हालचाल खालच्या उघड्या कॉलमांवर आली. हे काही नवे नव्हते. १९७१ साली कॅलिफोर्नियात सान फर्नांडोच्या भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू हे नुकतेच बांधलेले रुग्णालय असेच खालच्या मजल्यांत मोडले होते. तिथेही सर्पिल सळईने गुंडाळलेले कॉलम वाकूनही उभे राहिले. सुट्या रिंगांचे फुटले.

अहमदाबादच्या फुटक्या कॉलमांतही रिंगाच बोलत होत्या. त्या दूर दूर बांधलेल्या, टोके ९० अंशांत वळवलेली. वरचे काँक्रीट निखळले की असे टोक उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोक १३५ अंशांत आत वळवायला हवे. पण हाताने ते वळवणे जिकिरीचे, म्हणून साइटवर टाळले जाते.

दोष केवळ बिल्डरांचा म्हणून मोकळे होता येत नाही. रिंगांचे हे नियम सांगणारे भारतीय मानक १३९२० हे १९९३ सालचे. पण तिसऱ्या भूकंप-परिमंडळात, म्हणजे अहमदाबादेत, निवासी इमारतींपैकी पाचपेक्षा अधिक मजले असतील त्यांनाच ते लागू होते. तळमजला अधिक चार, ही तिथली नेहमीची इमारत बरोबर पाच मजल्यांची! २००२ मध्ये ही सूट गेली. त्याच वर्षी मानक १८९३ मध्ये अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम-बीम अडीचपट जोर धरून आखावेत, असे कलम आले.

मुंबई-पुणेही तिसऱ्याच परिमंडळात आहेत. तिथल्या २००२ पूर्वीच्या इमारतींच्या मंजूर नकाशांत 'स्टिल्ट' हा शब्द सहज सापडतो. रिंगांचा तपशील मात्र असतो स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये, आणि ते सोसायटीच्या दप्तरात क्वचितच मिळते.